नेल सलॉनमधली टिप: रोख, कार्ड आणि मधले हात

अमेरिकेतल्या पुष्कळ नेल सलॉनमध्ये गल्ल्यापाशी एक पाटी असते: बिल कार्डाने चालेल, टिप मात्र रोख द्यावी. कुठे ती छापील असते, कुठे कागदावर हाताने लिहून चिकटवलेली. मॅनिक्युअर-पेडिक्युअरचे पैसे कार्डावर देणाऱ्या बाईला मग पर्सच्या कप्प्यांत सुट्या नोटा शोधाव्या लागतात. नसल्या तर जवळचे एटीएम गाठायचे, नाहीतर ओशाळून तसेच निघायचे.

वरवर पाहता हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न आहे. पण याच प्रश्नावर अमेरिकेच्या कामगार खात्याने नियम केले, कर खात्याने केले, कॅलिफोर्नियाने एक भूमिका घेतली आणि इतर राज्यांनी दुसरी. ब्रिटनने २०२४ पासून स्वतंत्र कायदाच लागू केला. कार्डाच्या शुल्कावरून एका केशकर्तनालयाचा खटला थेट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या चर्चेची आजची स्थिती काय, ते इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कार्डाच्या दोन-तीन टक्के शुल्कावर सर्वांत जास्त बोलले जाते, आणि तेच या वादात सर्वांत कमी महत्त्वाचे आहे. टिप देणारी आणि घेणारी यांच्या मधे पैसा किती काळ आणि कोणाच्या हाती राहतो, यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे.

धंदा कसा उभा राहिला

नेल सलॉनचा अमेरिकेतला विस्तार हा मुख्यतः स्थलांतरित बायकांच्या कष्टांचा इतिहास आहे. हिचकॉकच्या 'द बर्ड्स' चित्रपटाची नायिका टिपी हेड्रन १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळच्या 'होप व्हिलेज' या निर्वासित छावणीत काम करत होती. सायगॉन पडल्यानंतर आलेल्या व्हिएतनामी बायकांना काहीतरी हुन्नर शिकवावा, असा तिचा विचार चालला होता. त्या बायकांचे लक्ष तिच्या नखांकडे गेले. तिने आपल्या मॅनिक्युरिस्टलाच बोलावून घेतले आणि सुमारे वीस जणींच्या एका तुकडीचे शिक्षण सुरू झाले. पुढे नातेवाईक, ओळखीपाळखीचे, गाववाले असे करत हा व्यवसाय व्हिएतनामी समाजात इतका पसरला की कॅलिफोर्नियात नेल सलॉन म्हटले की व्हिएतनामी मालक असे समीकरणच झाले. न्यूयॉर्कमध्ये तीच जागा कोरियन मालकांनी घेतली. त्यांच्या हाताखाली चिनी, लॅटिन अमेरिकी आणि अलीकडे मोठ्या संख्येने नेपाळी व तिबेटी बायका काम करू लागल्या. क्वीन्समधली 'अधिकार' ही नेपाळीभाषकांची संघटना न्यूयॉर्कच्या नेल कामगारांच्या लढ्यात म्हणूनच पुढे दिसते.

या धंद्याला इंग्रजी फारसे येत नसले तरी चालते, भांडवल थोडे लागते, परवान्याचे शिक्षण काही महिन्यांचे असते. त्यामुळे गल्लोगल्ली सलॉन निघाली, स्पर्धा वाढली आणि दर खाली आले. दर खाली आल्यावर कामगार बाईच्या मिळकतीत टिपचा वाटा वाढत गेला. अनेक ठिकाणी मजुरी ठरते ती कमिशनवर: ग्राहकाने दिलेल्या पैशांतले साठ टक्के कारागिराला, चाळीस मालकाला, किंवा असेच काही प्रमाण. काही जणी कागदोपत्री नोकर असतात, काही 'स्वतंत्र कंत्राटदार'. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या श्रमकेंद्राने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीनुसार नेल कामगारांत स्वयंरोजगार असलेल्यांचे प्रमाण ३० टक्के होते, म्हणजे देशाच्या सरासरीच्या तिप्पट. त्यांतल्या किती जणी खऱ्या अर्थाने स्वतंत्र आणि किती जणींवर मालकाने ते लेबल चिकटवले, हा वाद कॅलिफोर्नियात अजून धुमसतो आहे. २०२५ च्या सुरुवातीला मॅनिक्युरिस्टना तिथल्या वर्गीकरण कायद्यातून मिळालेली सूट संपली आणि तो पुन्हा पेटला.

मे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सारा मॅस्लिन निर यांची नेल सलॉनवरची दीर्घ शोधमालिका आली. नव्या मुलींकडून शिकवणीच्या नावाखाली पैसे घेतले जातात, सुरुवातीला मजुरी न देता केवळ टिपवर राबवले जाते, अशी चित्रे त्यात होती. काही दिवसांत गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी तपास पथके नेमली, कामगारांच्या हक्कांचे फलक सलॉनमध्ये लावणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी या मालिकेवर उलट टीकाही झाली. 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'साठी लिहिणारे रिचर्ड बर्नस्टीन हे 'टाइम्स'चेच माजी वार्ताहर, आणि पत्नीबरोबर स्वतः अशा व्यवसायात भागीदार. त्यांनी पुराव्यांवर प्रश्न उभे केले. वर्षअखेरीस वृत्तपत्राच्या लोकसंपादक मार्गारेट सलिव्हन यांनीही मालिकेतले काही निष्कर्ष गरजेपेक्षा जास्त ताणले गेल्याचे म्हटले. तपशिलांवर मतभेद राहिले. पण टिपचा पैसा म्हणजे चैनीची वरकड नसून कित्येक जणींचे घरभाडे आहे, ही गोष्ट त्या चर्चेतून सर्वांसमोर आली.

टिपला मजुरी मानायचे का

कार्डाच्या वादाकडे वळण्याआधी एक जुना वाद समजून घ्यावा लागतो. अमेरिकेचा किमान वेतनाचा संघीय कायदा १९३८ चा. १९६६ च्या दुरुस्तीने त्यात टिपची वजावट आली: कामगाराला टिप मिळत असेल तर मालकाने किमान वेतनाचा काही भाग त्या टिपमधून वळता झाल्याचे धरावे. आज संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि ते २००९ पासून हललेले नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने खिशातून द्यायची रक्कम ताशी अवघी २.१३ डॉलर आहे आणि ती १९९१ पासून तशीच आहे. टिप धरून बेरीज ७.२५ च्या खाली गेली तर फरक मालकाने भरायचा असतो. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत अशी वजावटच चालत नाही. तिथे पूर्ण किमान वेतन मालकाने द्यायचे आणि टिप त्यावर वेगळी. न्यूयॉर्कने नेल सलॉन, मोटार धुण्याची केंद्रे अशा 'संकीर्ण' उद्योगांतली वजावट २०२० मध्ये दोन टप्प्यांत बंद केली. तिथल्या उपाहारगृहांसाठी मात्र ती अजून आहे.

याचा कार्डाशी संबंध सरळ आहे. जिथे वजावट चालते तिथे टिपची नोंद मालकाच्या फायद्याची असते, कारण नोंदलेली टिप मजुरीत धरता येते. जिथे वजावट नाही तिथे ती नोंद मालकाला केवळ जादा कागदपत्रे आणि कराचा भार वाटते. सलॉनच्या एकाच साखळीला एका राज्यात कार्डावरची टिप हवीशी वाटेल आणि दुसऱ्या राज्यात नको वाटेल, याला हे एक कारण आहे.

मार्च २०१८ मध्ये संसदेने एक गोष्ट पक्की केली: टिप वजावटीत धरा अथवा धरू नका, मालक, व्यवस्थापक किंवा पर्यवेक्षक यांना कामगारांच्या टिपमधला वाटा ठेवता येणार नाही. नेल सलॉनमध्ये इथे एक गुंता होतो, कारण मालकीण स्वतः टेबलावर बसून नखे रंगवत असते. तिने एकटीने केलेल्या कामाची, ग्राहकाने तिलाच दिलेली टिप ती ठेवू शकते. सामायिक भांड्यातला वाटा तिला घेता येत नाही. रोखीत हे वेगळे ठेवणे सोपे असते. कार्डाच्या एका ओळीत 'टिप १२ डॉलर' एवढेच छापून येते. मग हात करणारी कोण, पाय करणारी कोण आणि मालकिणीने मधेच येऊन जेल लावले ते किती, हे मागाहून ठरवावे लागते.

दोन-तीन टक्क्यांचे भांडण

कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराला प्रत्येक व्यवहारामागे साधारण अडीच ते साडेतीन टक्के शुल्क आणि वर काही सेंट द्यावे लागतात. टिपची रक्कमही त्याच व्यवहारात असल्याने तिच्यावरही शुल्क बसते. ते कोणी सोसायचे?

संघीय कामगार खात्याचे उत्तर असे: मालकाने टिपवर लागलेले प्रत्यक्ष शुल्क टिपमधून कापले तर चालेल. शुल्क ३ टक्के असेल तर शंभराच्या टिपमधून ९७ द्यावेत. पण प्रत्यक्ष खर्चापेक्षा एक पैसाही जास्त कापता येणार नाही, त्यामुळे मजुरी किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि कार्ड कंपनीकडून पैसे यायचेत म्हणून टिप अडवून ठेवता येणार नाही. पुढच्या पगाराच्या दिवशी ती दिलीच पाहिजे. कॅलिफोर्नियाचा श्रमसंहितेतला नियम याहून कडक आहे. तिथे कार्डावर टिप घेऊ दिली की ती पूर्ण द्यायची, शुल्क मालकाच्या माथी. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला टिपवाटपाचा कायदा कॅलिफोर्नियाच्या वाटेने गेला. कर सोडून कोणतीही कपात नाही, टिप पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचली पाहिजे आणि तीन वर्षांची नोंदवही ठेवली पाहिजे. तो उपाहारगृहांपुरता नाही; इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या सलॉनांनाही लागू आहे.

शुल्क ग्राहकावर टाकण्याचा तिसरा मार्ग आहे, आणि त्याची कथा रंजक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हेस्टल गावच्या 'एक्स्प्रेशन्स हेअर डिझाइन' या सलॉनला कार्डाने पैसे देणाऱ्यांना ३ टक्के जादा लागतील असे सांगायचे होते. राज्याचा कायदा म्हणे, रोखीला सवलत देतो असे म्हणा, कार्डाला अधिभार लावतो असे म्हणू नका. पैसे तेच, फक्त म्हणण्याची रीत वेगळी. आणखी काही दुकानांसह हा खटला वर गेला. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा कायदा किमतीचे नव्हे तर बोलण्याचे नियमन करतो, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर तो तपासण्यासाठी खालच्या न्यायालयाकडे पाठवला. शेवटी फेब्रुवारी २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये नवा नियम आला: कार्डाची किंमत वेगळी असेल तर ती पूर्ण रक्कम आधीच लिहून दाखवा.

आता हिशोब करून पाहा. ६० डॉलरच्या कामावर २० टक्के टिप म्हणजे १२ डॉलर. त्यावर ३ टक्के शुल्क म्हणजे ३६ सेंट. दिवसभरात आठ-दहा ग्राहक झाले तर कामगार बाईचे तीन-साडेतीन डॉलर जातील. हातावर पोट असणारीला तेही जाणवतात, हे खरेच. पण एका ग्राहकाने सुटे नाहीत म्हणून टिपच दिली नाही तर त्याच्या तिपटीहून जास्त नुकसान होते. उलट, मालकाने 'कार्डाचा खर्च' म्हणून तीनऐवजी दहा टक्के कापले तर दिवसाला दहा-बारा डॉलर जातात, आणि ती कपात अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात कायदेशीर नाही. या धंद्यातल्या तक्रारींत हा दुसरा प्रकारही असतो.

कोणाला काय हवे

रोखीचा आग्रह धरणाऱ्या मालकांची बाजू अनेकदा करचुकवेपणा एवढ्याच शब्दात निकालात काढली जाते. तसे करणे न्यायाचे नाही. लहान सलॉनचा नफा तुटपुंजा असतो. कार्डावरची टिप त्यांच्या खात्यात येते, तिथून पगारपत्रकात जाते, त्यावर मालकाच्या वाट्याचा सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर कर लागतो आणि लेखापालाचे काम वाढते. ग्राहकाने महिन्याभराने कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे मागे घेतले तर टिपही परत जाते; ती मात्र तोवर कामगाराला देऊन झालेली असते. रोख टिप थेट हातात पडली की या भानगडी मालकाच्या दारात येत नाहीत. शिवाय सामायिक वाटणीवरून कामगारांत होणारी कुरबुर टळते. काही सलॉनांत यासाठी छोटी पाकिटे ठेवलेली असतात: ग्राहकाने त्यावर कामगाराचे नाव लिहायचे आणि नोट आत घालायची.

कामगारांची बाजूही एकमुखी नाही. पुष्कळ जणींना रोखच हवी असते. ती त्याच संध्याकाळी हातात येते. त्यातून भाजी, बसभाडे, मुलांना सांभाळणारीचे पैसे निघतात. पगाराची वाट पाहावी लागत नाही आणि मालकावर विसंबावे लागत नाही. इंग्रजी न येणाऱ्या, कागदपत्रे अपुरी असणाऱ्या बाईला पगारपत्रकातल्या टिपच्या ओळीवर वाद घालणे अशक्यप्राय असते. रोख मोजता येते, तिथल्या तिथे.

कामगार संघटना आणि वकील मात्र बहुधा नोंदीच्या बाजूने बोलतात. नोंदलेली टिप ही मिळकत असते. बेकारी भत्ता, अपंगत्व विमा, म्हातारपणीचे निवृत्तिवेतन, घराचे कर्ज, कोणाला अमेरिकेत आणण्यासाठी द्यावे लागणारे उत्पन्नाचे प्रमाणपत्र, हे सगळे कागदावरच्या मिळकतीवर ठरते. २०२० मध्ये साथीत सलॉन महिनोन्महिने बंद राहिली तेव्हा कागदावर अर्धीच मिळकत असणाऱ्यांना भत्ताही त्याच हिशोबाने मिळाला. मजुरी बुडवल्याचा दावा लावायचा झाला तरी कार्डाच्या पावत्या पुरावा म्हणून उभ्या राहतात. रोखीचा पुरावा फक्त आठवण. या दोन्ही बाजू एकाच बाईला एकाच दिवशी पटू शकतात, आणि म्हणून 'कामगारांना काय हवे' याचे एकच उत्तर कुणी सांगू लागले तर सावधपणे ऐकावे.

ग्राहकांचे म्हणणे साधे आहे. रोख बाळगायची सवय सुटली आहे, आणि टिप देण्याची इच्छा असूनही देता येत नाही, हे त्यांना खटकते. एक बारीक मुद्दा नेल सलॉनलाच लागू पडतो. ओल्या नेलपॉलिशने पर्स उघडणे म्हणजे केलेले काम बिघडवणे. म्हणून कित्येक ठिकाणी पॉलिश लावण्याआधीच पैसे मागतात. कार्ड तेव्हाच घासले, तेव्हाच टिपचा आकडा लिहिला, आणि काम अजून निम्मे बाकी. टिप ही केलेल्या कामाची पोच असते हा समज इथे उलटा होतो. रोख देणारी निदान जाताना दोन आणखी नोटा ठेवू शकते.

करातला नवा फेरा

अमेरिकेत महिन्याला २० डॉलर किंवा त्याहून अधिक टिप मिळाली तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत ती मालकाला कळवावी लागते, मग ती रोख असो वा कार्डाची. कार्डाची आपोआप नोंदली जाते, रोखीची कितपत कळवली जाते हे ज्याच्या त्याच्या भरवशावर. इथवर जुनी गोष्ट.

४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने चित्र बदलले. ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये लास वेगासच्या सभेत 'टिपवर कर नको' अशी घोषणा केली होती. तिचे कायद्यातले रूप घोषणेपेक्षा आटोपशीर आहे. २०२५ ते २०२८ या कर-वर्षांत वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप संघीय आयकराच्या हिशोबातून वजा करता येते. दीड लाखाच्या वर उत्पन्न असेल तर सवलत कमी होत जाते. पती-पत्नीच्या संयुक्त विवरणाला ती मर्यादा तीन लाख. ज्या व्यवसायांना ती लागू, त्यांच्या सरकारी यादीत मॅनिक्युरिस्ट आणि पेडिक्युरिस्ट आहेत. गमतीचा भाग असा की कायद्यात 'रोख टिप' म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यात कार्डावरची टिपही मोडते. अट एवढीच की टिप स्वेच्छेची असावी आणि नोंदलेली असावी. लग्नाच्या तयारीसाठी एकदम आठ-दहा जणी आल्या आणि सलॉनने बिलात आपणहून २० टक्के लावले, तर ती रक्कम टिप ठरत नाही, मजुरी ठरते आणि सवलतीबाहेर जाते.

याच कायद्यात मालकांसाठीही एक तरतूद आहे. टिपवर मालकाने भरलेल्या सामाजिक सुरक्षा कराची काही भरपाई उपाहारगृहांना १९९३ पासून मिळत होती. सौंदर्य व्यवसायाने ती वर्षानुवर्षे मागितली होती. आता केशरचना, नखे, त्वचानिगा, स्पा यांना ती मिळाली. म्हणजे टिप नोंदवण्याविरुद्ध मालकाकडे जे सर्वांत ठोस आर्थिक कारण होते ते बरेच सैल झाले. करविषयक लिखाणात कामगारांच्या सवलतीवर पाने भरली गेली, पण नेल सलॉनच्या पाटीवर याच तरतुदीचा परिणाम जास्त होईल असे मला वाटते.

समर्थक म्हणतात, नोंदीची भीती गेली, आता कार्डावर टिप घ्यायला हरकत नाही. टीकाकारांचे तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला, सवलत फक्त आयकराची आहे. कामगाराच्या वाट्याचा ७.६५ टक्के सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर कर तसाच लागतो. दुसरा, ज्यांची मिळकत इतकी कमी की आयकर लागतच नाही त्यांना सवलतीचा उपयोग शून्य. येल विद्यापीठाच्या बजेट लॅबच्या हिशोबाप्रमाणे २०२२ मध्ये टिप मिळणाऱ्या कामगारांपैकी ३७ टक्के या गटात होते. तिसरा आक्षेप नेल सलॉनला थेट भिडतो: सवलतीसाठी नोकरीस पात्र सामाजिक सुरक्षा क्रमांक लागतो. कागदपत्रांविना काम करणारी, पण पर्यायी क्रमांकावर इमानेइतबारे कर भरणारी बाई यातून वगळली जाते. तिने टिप कार्डावर घेतली तर नोंद होणार, कर लागणार, सवलत नाही.

पडदा आणि दडपण

रोख-कार्ड वादात गेल्या दहा वर्षांत तिसरे पात्र आले: ग्राहकाकडे वळवला जाणारा छोटा पडदा, त्यावर १८, २०, २५ टक्क्यांची बटणे. पडदा आला की टिप वाढते का?

नेल सलॉनच्या जवळ जाणारा सर्वांत नेटका पुरावा न्यूयॉर्कच्या टॅक्सीचा आहे. तिथे कार्डयंत्रे पुरवणाऱ्या दोन कंपन्यांच्या पडद्यांवर वेगवेगळे पर्याय होते. एकीवर चढे, एकीवर उतरते. करीम हग्गाग आणि जोव्हान्नी पाची या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये त्या नोंदी तपासून दाखवले की चढे पर्याय असले की सरासरी टिप वाढते, पण त्याच वेळी काहीच न देणाऱ्यांची संख्याही वाढते. लोकांना ओढूनताणून वर नेता येते, आणि थोडे जास्त ओढले की काही जण दोर सोडून देतात. त्याआधी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिलाच्या ताटलीवर क्रेडिट कार्ड कंपनीचे चिन्ह असले की टिप वाढते असे आढळले होते.

टॅक्सीचा निष्कर्ष जसाच्या तसा सलॉनला लावता येणार नाही. टॅक्सीवाला पुन्हा भेटत नाही. नेलवाली दर दोन-तीन आठवड्यांनी भेटते, तिने एक तास तुमचा हात हातात धरलेला असतो, आणि पडदा वळवते तेव्हा ती तिथेच उभी असते. त्या नात्यात दडपणही जास्त आणि मायाही जास्त. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकनांनी सांगितले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप अपेक्षित असते. याचा वैताग बहुधा कॉफीच्या दुकानांमुळे आलेला असावा, पण त्याची झळ जिथे टिप शतकभराची रीत आहे अशा हातकामाच्या धंद्यांनाही लागते.

थेट हस्तांतराची ॲप हा यातला मधला मार्ग म्हणून पुढे आला आहे. टेबलावर झेल किंवा व्हेन्मोचा क्यूआर कोड ठेवायचा, टिप मालकाला वळसा घालून कामगाराच्या खात्यात. शुल्क नाही किंवा नाममात्र, वाट पाहणे नाही. नोंद होते ती कामगाराच्या बाजूला, आणि ती करात दाखवायची जबाबदारीही तिच्यावरच येते.

आपल्याकडचे दोन धागे

हा वाद अमेरिकेचा खरा, पण कार्डावरची टिप नेमकी कोणाची, यावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही एक स्पष्ट निकाल दिलेला आहे. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांत ग्राहक कार्डाने टिप देत, हॉटेल ती गोळा करून कर्मचाऱ्यांत वाटे. आयकर खात्याचे म्हणणे, हा पगारच झाला, मालकाने त्यावर उगमी कर कापायला हवा होता. एप्रिल २०१६ मध्ये न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ते अमान्य केले. टिप ग्राहकाकडून येते, मालक ती विश्वस्ताच्या नात्याने काही काळ सांभाळतो. ती पगार नव्हे. कर्मचाऱ्याने ती इतर उत्पन्न म्हणून दाखवायची. मालक मधे आहे, पण पैसा त्याचा नाही, हे तत्त्व तिथे जितके स्वच्छ मांडले गेले तितके अमेरिकेच्या नियमांत क्वचितच सापडते.

दुसरा धागा यूपीआयचा. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नेल बारमध्ये टेबलावर काम करणाऱ्या मुलीला तिच्याच क्रमांकावर टिप पाठवली तर टक्क्यांचा वादच उद्भवत नाही. मालकाच्या कोडवर बिलासोबत टिप टाकली की मात्र ती तिच्यापर्यंत किती आणि कधी पोचते हा प्रश्न इथेही जसाच्या तसा उरतो, आणि त्यासाठी ब्रिटनसारखा कायदा आपल्याकडे नाही.

काय ठरले, काय नाही

टिप कामगाराची, मालकाची नव्हे, यावर आता फारसे दुमत राहिलेले नाही. शुल्क कोणी सोसायचे यावर कॅलिफोर्निया आणि ब्रिटन एका बाजूला, अमेरिकेचा संघीय नियम दुसऱ्या बाजूला आहे. दोन्हींकडून युक्तिवाद करता येतो, पण इतक्या छोट्या रकमेसाठी कामगाराच्या हिशोबात कपातीची सोय ठेवली की मोठ्या कपातीला आडोसा मिळतो. म्हणून कॅलिफोर्नियाचा सरळ नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

न सुटलेले प्रश्न दोन-तीन आहेत. कंत्राटदार म्हणून नोंदलेल्या बाईला टिपसंरक्षणाचे कितपत कवच मिळते, हे तिच्या वर्गीकरणावर अडकून आहे. करसवलत २०२८ नंतर राहते की जाते, हे संसद ठरवील. आणि कायद्याने मिळालेला हक्क व्हिएतनामी किंवा नेपाळी बोलणाऱ्या कामगाराला तिच्या भाषेत, तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर रोजच्या रोज दिसायची सोय जवळजवळ कुठेच नाही. तीन टक्क्यांवर कितीही नियम केले तरी ही शेवटची उणीव भरेपर्यंत रोखीची पाटी हटणार नाही, आणि हटावी असे कामगारांनी म्हणावे असेही नाही.

एडिसन, फ्रीमाँट किंवा लंडनला राहणाऱ्या वाचकांनी तोवर एक करावे. कार्ड देण्याआधी, नखे कोरडी असतानाच, काम करणाऱ्या बाईलाच हळूच विचारावे की कार्डावरची टिप तुला पूर्ण मिळते का. 'हो' म्हणाली तर बटण दाबा. ती गल्ल्याकडे पाहून घुटमळली तर नोट द्या.